शॉशँक पुन्हा एकदा बघितला, पण यावेळी अँडी नाही, ब्रूक्स डोक्यात बसला

रात्रपाळी:
काल रात्री पुन्हा लावला. कितव्यांदा ते मोजणं सोडलंय आता. पहिल्यांदा बघितला तो हॉस्टेलवर, लॅनवर कुणीतरी टाकलेली फाईल, एका चौदा इंची मॉनिटरसमोर आम्ही सात जण. नाव कुणालाच नीट वाचता न आल्यामुळे 'शॉशँक रिडेम्प्शन' आमच्या विंगमध्ये शेवटपर्यंत 'शशांक' म्हणूनच ओळखला गेला. "शशांक बघितलास का?" नाही म्हणालास तर आधी तो बघ, मग आमच्यात बस. त्या वयात लक्षात काय राहिलं तर पोस्टरमागचं भगदाड, गटाराच्या पाइपातून पाचशे यार्ड सरपटत जाणं आणि तुरुंगातून बाहेर पडल्यावर पावसात शर्ट काढून उभा राहिलेला अँडी, बायकोच्या खुनात नाहक अडकलेला बँकवाला. जेलच्या वॉर्डनची जिरली, पैसे वसूल (पैसे कुणी दिले होते म्हणा).

काल मात्र गाडी ब्रूक्सवरच अडली. पन्नास वर्षं आत काढलेला म्हातारा, पुस्तकांची ढकलगाडी घेऊन कोठडी कोठडी फिरणारा, खिशात कावळ्याचं पिल्लू. पॅरोल मंजूर झाला म्हटल्यावर हा बाबा मित्राच्याच गळ्याला सुरी लावतो, का तर गुन्हा केला की इथेच ठेवतील. तेव्हा मला वाटलेलं म्हातारा सटकला, बास. काल आवंढा आला. बाहेर आल्यावर त्याला मोटारींची धास्ती, लहानपणी एकदाच मोटार बघितलेली आणि आता रस्ताभर त्याच. किराणा दुकानात पिशव्या भरतो, हात दुखतात, मॅनेजर तुसडा. बागेत जाऊन पक्ष्यांना दाणे टाकत बसतो, वाटतं की आपला जेक, तोच कावळा, येईल एखाद्या दिवशी. मग ती खोली, ती तुळई आणि चाकूने कोरलेलं नाव.

तुम्हाला कुठला प्रसंग धरून ठेवतो? आणि वयाप्रमाणे तो बदलला का? स्पॉयलरची काळजी करू नका, १९९४ चा पिक्चर आहे, एव्हाना ज्याने बघितला नाही त्याची चूक.

खडूस_काका:
गच्चीवरचं डांबर. प्रश्नच नाही. मी धंद्याने करसल्लागार आहे आणि आयकराच्या ज्ञानावर स्वतःचा जीव वाचवणारा दुसरा हिरो मला तरी कुठल्या पिक्चरमध्ये दिसलेला नाही. पहारेकऱ्यांचा मुखिया हॅडली अँडीला गच्चीच्या कडेवरून खाली टाकायला निघालाय आणि हा पठ्ठ्या शांतपणे सांगतोय की भावाकडून आलेले पस्तीस हजार बायकोला बक्षीस दे, सगळे करमुक्त. बदल्यात काय मागतो, तर बरोबरच्या कैद्यांना प्रत्येकी तीन बाटल्या बीअर. स्वतः एक घोटही घेत नाही, सावलीत बसून नुसता हसतो. ३१ जुलै जवळ आला की आमच्या ऑफिसातली आर्टिकलशिपची पोरं रडकुंडीला येतात तेव्हा मी त्यांना एवढाच तुकडा दाखवतो. फी बीअरमध्ये घ्यायची नाही हेही सांगतो.

वयाप्रमाणे बदल: पूर्वी बीअर बघायचो, आता सावली बघतो.

मांजरीची_आई:
काका __/\__

मला मोझार्टचा प्रसंग. दरवाजाला आतून कडी, तबकडी लावली, माइक सुरू आणि अख्ख्या आवारात ते दोन बायकांचं गाणं. सगळे कैदी जिथल्या तिथे थांबलेले, माना वर. रेड, म्हणजे अँडीचा आतला मित्र जो आपल्याला गोष्ट सांगतो, म्हणतो की त्या इटालियन बाया काय गात होत्या ते मला आजही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मला मात्र खाज असते म्हणून शोधलं. ते 'मॅरेज ऑफ फिगारो' मधलं द्वंद्वगीत आहे, त्यात सरदारीण आपल्या दासीला चिठ्ठी सांगतेय आणि दासी लिहून घेतेय, आणि चिठ्ठी कशासाठी तर बाहेरख्याली नवऱ्याला जाळ्यात पकडायला! म्हणजे इकडे कैद्यांना वाटतंय की स्वर्गातून काहीतरी उतरलं आणि गाण्यात चाललंय काय, तर दोघी मिळून मालकाला कसं बनवायचं त्याची तयारी. आणि हे लावतोय कोण, तर जो स्वतः रोज रात्री मालकाला बनवतोय तो. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलं का ठाऊक नाही पण मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले, भाजी लागली थोडी.

त्याची शिक्षा दोन आठवडे अंधारकोठडी आणि बाहेर येऊन म्हणतो मस्त गेले दिवस, डोक्यात मोझार्ट होता सोबतीला. गाणं शिकणाऱ्या माणसाला हे पटतं. तंबोरा घरी ठेवून आलं तरी षड्ज आत चालूच असतो.

दगडफोड्या:
सगळे भावुक झालात म्हणून एक रुक्ष प्रश्न. मी भूतंत्रवाला (जमीन-खडकाचा इंजिनिअर) आहे. एक: वीतभर हातोडीने तुरुंगाची भिंत? दोन: भगदाडातून आत गेल्यावर पोस्टर परत चिकटवलं कुणी? वॉर्डन दगड फेकतो तेव्हा पोस्टरवरची राकेल वेल्श बाई चारी बाजूंनी ताणलेली दिसते.

वाचनवेडा:
@दगडफोड्या, दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, वरची कड चिकटलेली, खालून सुटं, उचलायचं आणि आत शिरायचं, कॅलेंडरमागे किल्ली लपवतो तसं. तुम्हाला ताणलेलं दिसलं कारण तुम्ही भिंत सोडून बाई बघत होता.

पहिल्यावर मूळ कथेत बऱ्यापैकी खल आहे. स्टीफन किंगची दीर्घकथा, १९८२ च्या 'डिफरंट सीझन्स' मध्ये आलेली. तिथे रेड सांगतो की काँक्रीटच कच्चं होतं. तिथे अँडीला जास्त वर्षं लागतात, तो १९७५ मध्ये बाहेर पडतो, सिनेमात १९६६. आणि सिनेमाचा सगळा हिशोब एकोणीस वर्षांचा आहे हे विसरू नका. रेडला वाटलेलं की या हातोडीने सहाशे वर्षं लागतील. माती विजारीच्या पायातून मैदानात सांडायची, रोज चिमूटभर. काम करणारा माणूस दगडाच्या छंदाचा होता, तुमच्याच जातीचा.

कथेत अजून बरंच वेगळं आहे. अँडी निर्दोष आहे हे ज्याला ठाऊक असतं त्या टॉमीला मारत नाहीत, बदली करून दुसऱ्या तुरुंगात पाठवतात. वॉर्डन गोळी घालून घेत नाही, राजीनामा देऊन खचून जातो. ब्रूक्स तर दोनचार परिच्छेदांत आटपलाय. या धाग्याचा हिरो म्हणजे जवळजवळ सगळा दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँटने पटकथेत उभा केलेला माणूस आहे.

दगडफोड्या:
कच्चं काँक्रीट हे उत्तर मान्य. सरकारी काम होतं, जास्त विचारत नाही.

तिरपागडा:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. चांगला पिक्चर आहे, पण जगातला सर्वोत्तम? आयएमडीबी या सिनेमांच्या साइटवर २००८ पासून वर बसलाय म्हणून आपण सगळे माना डोलावतो. रेड झालेला मॉर्गन फ्रीमन सगळं कानात सांगत राहतो, आपल्याला विचार करायला काही ठेवत नाही. वॉर्डन बायबल हातात धरलेला राक्षस, त्याला दुसरी बाजूच नाही. बायका तीनच प्रकारच्या, मेलेली बायको, बँकेतली बाई आणि भिंतीवरची पोस्टरं. आणि चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन तुरुंगात काळा माणूस आहे आणि वर्णाचा विषयच निघत नाही? हे म्हणजे आपल्याकडे गावावर सिनेमा काढायचा आणि जात दाखवायचीच नाही.

वाचनवेडा:
शेवटचा मुद्दा खरा आहे, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पार्श्वभूमी एवढीच की कथेतला रेड गोरा आयरिश आहे, लाल केसांचा. फ्रीमनला घेतल्यावर त्यांनी तो संवाद तसाच ठेवला, अँडी विचारतो तुला रेड का म्हणतात आणि हा म्हणतो मी आयरिश आहे ना म्हणून. विनोद झाला, पण तुम्ही म्हणता तो प्रश्न त्या विनोदातच मिटवून टाकला असंही म्हणता येईल.

वर्णनाबाबत मात्र असहमत. रेड सगळं सांगतो असं वाटतं, पण मुख्य गोष्ट त्यालाच माहीत नसते. एकोणीस वर्षं शेजारी बसून आपल्या मित्राने काय चालवलंय ते त्याला कळलेलं नाही. आणि वॉर्डनचे बूट घालून अँडी कोठडीकडे जातो ते कुणीच बघत नाही, रेड आपल्यालाच विचारतो की माणसाच्या बुटांकडे आपण कितीदा बघतो?

खडूस_काका:
तेव्हा थिएटरात पडला होता हो हा पिक्चर. खर्च अडीच कोटी डॉलरच्या आसपास आणि पहिल्या फेरीत गल्ला साधारण एक कोटी साठ लाख. ऑस्करला सात नामांकनं आणि हातात भोपळा, 'फॉरेस्ट गम्प' घेऊन गेला बरंचसं. मग व्हिडिओ कॅसेटवर आणि नंतर केबलवर लोकांनी उचलून धरला. एक किस्सा मला हिशोबनीस म्हणून फार आवडतो: हक्कांपोटी दिलेला पाच हजार डॉलरचा चेक किंगने कधी वटवलाच नाही, वर्षांनी फ्रेम करून डॅराबाँटला परत पाठवला, कधी जामिनाला लागले तर असू देत म्हणून.

वकीलीणबाई:
वाचत होते, आता राहवत नाही. बरीच वर्षं जिल्हा कोर्टात मोफत कायदा सहाय्याची कामं करते, महिन्यातून दोनदा तरी जेलमध्ये जाणं होतं. आपल्याकडे पॅरोल या शब्दाने हा सिनेमा बघणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. तिथे पॅरोल म्हणजे देखरेखीखाली सुटका. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, घरी कुणी वारलं, कुणी आजारी आहे म्हणून मिळते, आणि दिवस भरले की परत आत. फर्लो वेगळी, ती संचित रजा. रेड पॅरोलसाठी तीन वेळा त्या टेबलासमोर बसतो त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा समज डोक्यातून काढा. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सोडता येत नाही एवढाच त्याचा अर्थ, चौदा झाल्यावर सोडतीलच असा नाही.

दुसरं, आपल्या देशातल्या तुरुंगांत साधारण चारातले तीन कच्चे कैदी असतात. म्हणजे खटलाच संपलेला नाही. अँडीला निदान आपल्याला दोन जन्मठेपा आहेत हे माहीत होतं, भिंतीवर रेघा मारायच्या तर किती ते ठरलेलं. कच्च्या कैद्याला तारीख पे तारीख. मुलाकातीला जाळीपलीकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न "सुटेन का" हा नाही, "मॅडम, पुढची तारीख कधी?" हा असतो.

माझा प्रसंग रेडची तिसरी सुनावणी. सुधारलो म्हणून दोनदा खोटं घोकून दाखवतो, दोनदा शिक्का बसतो नामंजूर. तिसऱ्यांदा म्हणतो, तुमच्या त्या शब्दाचा अर्थ मला कळत नाही, मारा शिक्का, माझा वेळ घालवू नका. मंजूर. माझे अशील कधी असं बोलले तर मी टेबलाखाली लपेन, पण बघायला छान वाटतं.

मांजरीची_आई:
वकीलीणबाई, वेगळा धागा काढा यावर. खरंच.

माणदेशी_मेंढका:
तुरुंगाचा आणि आशेचा पिक्चर म्हटला की आम्हा आटपाडीकडच्यांना दुसरं नाव आधी आठवतं. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ', १९५७. बऱ्याच जणांना माहीत नाही की ती गोष्ट आमच्या उंबऱ्यातली आहे. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची उघडी वसाहत काढली, भिंत नाही, कुंपण नाही, खुनाचे कैदी शेती करणार. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनिअर गांधीजींच्या नादाने इकडे आलेला, त्याच्या डोक्यातली कल्पना. गोष्ट लिहिली गदिमांनी, तेही माडगूळचे म्हणजे आमचेच. वसाहत आजही आहे, कैदी बायकापोरांसह राहतात. आमच्या आजोळी जायच्या रस्त्यावर पाटी दिसायची आणि मामा सांगायचा, इथले चोर पळत नाहीत.

आता दोन्ही पिक्चर शेजारी ठेवून बघा. शॉशँकमध्ये आशा म्हणजे भिंत पोखरणं, शिपायापासून वॉर्डनपर्यंत कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही. शांतारामबापूंच्या पिक्चरमध्ये भिंतच नाही, सहा खुनी मोकळ्या माळावर, पळाले तरी जेलरचे डोळे आठवतात आणि परत येतात. मला लहानपणी हा दुसरा भाबडा वाटायचा. बैलाशी झुंजताना बापूंच्या डोळ्याला खरंच इजा झाली एवढंच कौतुक. आता वाटतं जास्त अवघड तो आहे. पळून जाणाऱ्याला टाळी मिळते. परत येणाऱ्याचं काय दाखवायचं पडद्यावर?

तिरपागडा:
हे आवडलं. पण जेलर चांगला निघाला म्हणून सगळं जमलं ही आशा मला जास्त धोक्याची वाटते. पुढचा जेलर तसा नसला मग?

माणदेशी_मेंढका:
म्हणून तर बारा हात म्हटलंय, नुसते दोन डोळे नाही.

ओहायोकर:
कोलंबसला राहतो, मॅन्सफील्ड इथून तासाभरावर. पाहुणे आले की नायगारा झाला की हे दाखवतो. गोष्ट मेन राज्यातली पण शूटिंग १९९३ च्या उन्हाळ्यात इथे, ओहायो स्टेट रिफॉर्मेटरीत. १८९६ ला सुरू झालेला तुरुंग १९९० ला बंद पडला, पाडणारच होते, लोकांनी वाचवला, आता तिकीट काढून आत जाता येतं. लांबून अगदी किल्ला वाटतो, दगडी बुरूज वगैरे. वॉर्डनची खोली बघता येते, पाइपचा तुकडाही ठेवलाय. पण सिनेमात समोरासमोर कोठड्या दिसतात ना, त्या इथल्या नाहीत, तो सेट जवळच्या एका बंद कारखान्यात उभारला होता. खरा जो कोठड्यांचा मनोरा आहे तो सहा मजली नुसता पोलादाचा, रंगाचे पोपडे निघालेत, आणि एका कोठडीत मी उभा राहून दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागल्या. आई बरोबर होती, ती बाहेरच थांबली, म्हणाली मला नाही यायचं आत, तू ये बघून.

ज्याखाली अँडी रेडसाठी चिठ्ठी ठेवतो ते ओकचं झाड मात्र गेलं. २०११ मध्ये वीज पडून अर्धं फाटलं आणि २०१६ मध्ये उरलेलं वाऱ्याने पडलं. मी उशिरा गेलो, शेताकडे बघून आलो. आणि शेवटचा मेक्सिकोचा पॅसिफिक, ज्याला स्मरणशक्ती नाही म्हणतात, तो प्रत्यक्षात कॅरिबियन आहे, सेंट क्रॉय बेटावरचा. स्मरणशक्ती नसल्यामुळे त्याला फरक पडत नसावा.

वाचनवेडा:
शेवटावरून आठवलं, कथेत अँडी-रेडची ती भेट नाहीच. रेड निघालाय, आशा आहे की मित्र भेटेल, संपलं. डॅराबाँटलाही तो बसमध्ये असतानाच संपवायचं होतं, समुद्रकिनारा स्टुडिओच्या आग्रहाने आला. मला बसच बरोबर वाटते.

मांजरीची_आई:
काय हो, अडीच तास बघितल्यावर दोन मिनिटं समुद्र पण नको? मला हवा. दुरून का होईना मिठी मारतात ती बघायची असते मला.

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ब्रूक्स का अडकला ते आता लिहितो, आधी जरा लाज वाटत होती.

माझे वडील एका कारखान्यात चौतीस वर्षं होते, मशीनवर, तीन पाळ्यांत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, कारखाना तर त्याच्या पुढच्याच वर्षी बंद पडला, आता तिथे टॉवर उभे राहतायत. पण अजूनही सकाळी सव्वासहाला उठून दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. डबा लागतो, स्टीलचा, तीन कप्प्यांचा. घरीच जेवायचं, तरी डब्यातून. दुपारी साडेअकराला उघडणार, कारण तेव्हा सुट्टीचा भोंगा व्हायचा. आई वैतागते. मीही चिडायचो. आणि पिक्चर बघायच्या दोन दिवस आधी, लग्नाच्या हॉलमध्ये जेवताना ते मला विचारतात, "अरे, जरा जाऊन येऊ का?" कुठे, तर लघवीला. मला. मी हसलो तेव्हा.

रेड सुटल्यावर त्याच किराणा दुकानात असतो ना, मॅनेजरला हात वर करून विचारतो जाऊ का, आणि मॅनेजर म्हणतो दर वेळी विचारायला नको. चाळीस वर्षं विचारून गेलो, आता विचारल्याशिवाय थेंब निघत नाही. हे आधी दहा वेळा तरी ऐकलं असेल. काल पॉज केला आणि बराच वेळ तसाच बसलो.

खडूस_काका:
पुढच्या वर्षी मी ऑफिस मुलाकडे देणार आहे. हे वाचून बायकोला सांगितलं डबे सगळे बोहारणीला दे. ती म्हणाली आधी तुम्ही निवृत्त तर व्हा.

वकीलीणबाई:
@रात्रपाळी, वडिलांना दाखवा हा सिनेमा. इंग्रजी कळत नसेल तर शेजारी बसून सांगा.

तिरपागडा:
+१. आणि मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण ब्रूक्सपुरतं घेतो.

रात्रपाळी:
धागा वर काढतोय, तीन आठवड्यांनी. रविवारी दाखवला. शेजारी बसून मी मराठीत सांगत होतो, थोड्या वेळाने म्हणाले गप बस, कळतंय. मारहाणीच्या वेळी उठून पाणी प्यायला गेले. गच्चीवरच्या बीअरला हसले, आमच्याकडे पण एक फोरमन असा होता म्हणाले. ब्रूक्सच्या वेळी मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, ते सरळ समोर बघत होते, हातात डब्याचं झाकण, तेच घट्ट धरून. भगदाडाचं फारसं कौतुक नाही केलं, काम नीट केलंय म्हणाले, रोजच्या रोज केलंय.

संपल्यावर मी विचारलं कसा वाटला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तो कावळा परत आलाच नाही का रे?"

नाही आला म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि आमटी गरम करायला गेले. न विचारता.